नवा प्रेक्षक कामावरून सुटतो केव्हा?

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

आपल्या नाशिकच्या संस्थेच्या कार्यक्रमांना नवा प्रेक्षक आणण्याचा तुझा आराखडा वाचला. एलईडी पडदा, रील्स, तरुणांसाठी वेगळा महोत्सव. कार्यकारिणीतली ज्येष्ठ मंडळी नाक मुरडतील, मी मुरडणार नाही. पण आराखड्यात एक गोष्ट सापडली नाही. हा नवा प्रेक्षक राहतो कुठे आणि कामावरून सुटतो केव्हा?

आपलं सगळं शालिमारचं कालिदास कलामंदिर, साईखेडकर नाट्यगृह आणि कुसुमाग्रज स्मारक यांच्यातच फिरतं. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून सुटलेल्या माणसाला घरी जाऊन, हातपाय धुऊन साडेसहाला शालिमार गाठता येत नाही. गाठलंच, तर रात्री परतायचं कसं? आपण मात्र त्याला अरसिक ठरवून मोकळे. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेच्या तालमी एकदा बघून ये. दिवसभर यंत्रावर उभी राहिलेली माणसं रात्री संवाद घोकत असतात. त्यांना नाटकाची गोडी लावायला आपण कोण? त्यांची साप्ताहिक सुट्टी विचारून प्रयोग लाव, एवढंच कर.

नाशिकच्या सिडको वसाहतीत खानदेशातून आलेली कितीतरी कुटुंबं आहेत. घरात अहिराणी बोलतात, आपल्या निमंत्रणपत्रिकेवर मात्र 'रसिकांची उपस्थिती प्रार्थनीय'. तिथल्याच एखाद्या समाजमंदिरात अहिराणी कवितांची संध्याकाळ ठेव. सूत्रसंचालनही तिथल्याच कुणाकडे दे, आपल्या नेहमीच्या निवेदकाला घरी बसू दे.

नवं म्हणजे काय, हे बघायला लांब जायला नको. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम 2009 साली विनायक रानडे यांनी सुरू केला. पुस्तकं तीच, जी कुठल्याही वाचनालयात मिळतील. बदललं ते पुस्तक पोहोचवण्याचं तंत्र. शंभरेक पुस्तकांची पेटी एखाद्या घरी किंवा कचेरीत ठेवायची, आसपासच्यांनी वाचायची, काही महिन्यांनी पेटी बदलायची. वाढदिवसाला हार-तुऱ्यांऐवजी लोक पुस्तकांसाठी पैसे देऊ लागले. पेट्या तुरुंगात गेल्या, पार दुबईलाही गेल्या. यात यंत्र नाही, ॲप नाही. वाचकानं आपल्याकडे यावं हा हट्ट तेवढा सोडला. (दादासाहेब फाळक्यांचं नाव मात्र प्रस्तावात घालू नकोस, नाशकात ते प्रत्येक भाषणात येतं आणि पुढे काहीच होत नाही.)

आपली जुनी मंडळीही हे जाणून होती. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला भरते, दिवाळीत पिंपळपारावर पाडवा पहाट होते. घाटावर आलेला माणूस सहज टेकतो, नाही रुचलं तर उठून जातो. कुणी वळून बघत नाही. सभागृहात पहिल्यांदा येणाऱ्याला हीच मुभा नसते. पुढच्या दोन रांगा राखीव, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मनोगतं, आभार. गाणं सुरू होईस्तोवर तो कंटाळून गेलेला असतो. सत्काराला कात्री लावणं हा मला तुझ्या एलईडी पडद्यापेक्षा मोठा बदल वाटतो, आणि त्याला विरोधही जास्त होईल, तयार राहा.

फुकट पास वाटू नकोस. पास घेतलेला येतोच असं नाही, पन्नास रुपये मोजलेला बहुधा येतो. आणि जे आजीव सभासद वर्षानुवर्षं तिसऱ्या रांगेत बसतात, त्यांना 'जुने' म्हणून हिणवू नकोस. संस्थेचं वीजबिल त्यांच्या देणग्यांतून भरलं जातं.

तरुणांना खुर्च्या लावायला सगळेच बोलावतात. तू त्यांना पैसे खर्च करायचा अधिकार मागून घे. पुढच्या बैठकीत वार्षिक अंदाजपत्रकातून एक छोटी रक्कम वेगळी मंजूर करून घ्यायची, फसलं तरी हिशेब मागायचा पण दोष द्यायचा नाही, या अटीवर. एकाच जागी निदान तीन कार्यक्रम झाल्याशिवाय निकाल लावायचा नाही, हेही इतिवृत्तात लिहून घे. खजिनदार कुरकुरतील, त्यांच्याशी मी आधी बोलून ठेवतो. तू तेवढ्यात सिडकोतल्या समाजमंदिराचं भाडं आणि रात्रीच्या शेवटच्या बसची वेळ काढून आण.

तुझा,
काका