उकडून सोललेली अंडी पिशवीत : व्हॅक्यूमच्या भरवशावर राहू नका

तुमचा प्रश्न असा की अंडी उकडून, सोलून व्हॅक्यूम पिशवीत भरली, तर फ्रीजशिवाय दुकानाच्या फळीवर महिनाभर टिकतील का. नाही टिकणार. त्यात बिघडलेली ओळखूही येणार नाहीत, ही खरी पंचाईत.

हवा काढली की वास मारणारे बरेचसे जंतू थंडावतात, पण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या विष तयार करणाऱ्या जंतूला हवा नसलेलीच बरी. त्याचे बीजाणू नुसत्या उकळीने मरत नाहीत आणि विष झालं तरी वास येईलच असं नाही. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९९७ साली एकाला घरी व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या अंड्यांतून बोट्युलिझम (याच विषाची बाधा) झाला. व्हिनेगर असूनही! अंडी टोचलेली होती, बरणी फ्रीजबाहेर होती आणि आंबटपणा बलकात पुरेसा मुरला नव्हता. अशा जंतूंना रोखायला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ४.६ च्या खाली लागतो, तोही अगदी मधोमध.

म्हणून थंडी हवीच, ० ते ४ अंश, तुमच्याकडून निघून गिऱ्हाइकाच्या फ्रीजपर्यंत. तरी लिस्टेरिया हा आजार करणारा दुसरा जंतू उरतोच, तो या थंडीतही हळूहळू वाढतो. उकडताना तो मरतो. परत येतो तो सोलणाऱ्या हातांतून, टेबलावरून, गार करायच्या पाण्यातून. कच्च्या अंड्यांची जागा आणि सोलायची जागा वेगळीच ठेवा. पाण्याचं तर फार कमी लोक मनावर घेतात. गरम अंडं गार होताना आकसतं आणि कवचाच्या छिद्रांतून बाहेरचं पाणी आत ओढतं. त्यामुळे पाणी आणि बर्फ दोन्ही पिण्यायोग्य हवेत, आणि पाणी वरचेवर बदलायचं. लगेच गार केल्याने बलकाभोवतीची हिरवट कडाही टळते. सोलायला आठवडाभर जुनी अंडी घ्या. अगदी ताजी सोलताना निम्मं पांढरं कवचालाच जातं.

मोठे उत्पादक पिशवीत सायट्रिक ॲसिड आणि प्रिझर्व्हेटिव्हचं द्रावण घालतात, त्यावर त्यांची अंडी काही आठवडे जातात. ते प्रमाण अंदाजाने उचलू नका. प्रयोगशाळेतून पीएच आणि टिकाऊपणा तपासून घ्या आणि तारीख त्यावरूनच छापा. तोवर उकडल्यापासून सात दिवस ही कमाल मर्यादा, आणि त्यातलेही दोन-तीन दिवस गिऱ्हाइकासाठी सोडा.

मशीन पूर्ण ताकदीने लावलंत तर अंडं चेपतं, पाणी सुटतं, पिशवी ओशट दिसते. अंडी कोरडी करून हलका व्हॅक्यूम पुरे. पिशवी उघडताना गंधकाचा थोडा वास येतो. लेबलवर तसं लिहिलंत तर निम्म्या तक्रारी वाचतील. अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी सूचना, तारीख आणि ‘फ्रीजमध्येच ठेवा’ हे ठळक हवंच.

फ्रीजबाहेर टिकणारं अंडं हवंच असेल, तर दाबाखाली १२१ अंशांची रिटॉर्ट प्रक्रिया लागते. त्यात पांढरं तपकिरी आणि रबरी होतं, म्हणून तसा माल बहुधा मसाल्यात मुरवूनच विकतात. तो वेगळाच धंदा, भांडवलही वेगळं. सध्या व्हॅक्यूम मशीनचे पैसे बाजूला ठेवून आधी चांगला चिलर घ्या, आणि पहिला माल रोज स्वतः पोचवता येईल तेवढ्याच दुकानांत द्या.