पहिली बोली लावताना दुसरी ठरलेली हवी

यावेळी ब्रिजबद्दल आलेल्या बहुतेक पत्रांत एकच अडचण आहे: पहिली बोली बरोबर लागते, दुसरीला घोटाळा होतो. उत्तरं देताना नेहमीची पद्धत धरली आहे. इस्पिक किंवा बदाम ओपन करायला, म्हणजे डावाची पहिली बोली म्हणून लावायला, पाच पानं, आणि एक नो-ट्रंपनं (हुकुमाविना खेळायची बोली) ओपन केलं तर १५ ते १७ पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १).

प्रश्न (कोथरूड): माझी पानं अशी होती: इस्पिक ७-३, बदाम एक्का-राणी-६-२, चौकट राजा-राणी-९-८-४, किलवर राणी-५. मी एक चौकट म्हटलं, भिडूनं एक इस्पिक. मी दोन बदाम दाखवले. तो तीन चौकटवर गेला आणि आम्ही दोन हात बुडालो. चार बदाम काय लपवून ठेवायचे?

उत्तर: लपवायचे नाहीत, पण ते दाखवण्याची किंमत किती हे आधी मोजायचं. एक इस्पिक म्हणायला भिडूला सहा पॉइंट पुरतात. तुमच्याकडे १३, म्हणजे दोघांचे मिळून १९. आता बदाम हा चौकटीच्या वरचा रंग. तो तुम्ही दोनच्या पातळीवर दाखवलात, तर चौकट पसंत असलेल्या भिडूला परत यायला तीनचीच पायरी, म्हणजे सहा अधिक तीन हात, उरते. १९ पॉइंटांवर नऊ हात करायचे, तेही उरलेले २१ पॉइंट प्रतिपक्षाकडे असताना! भिडूचं काहीच चुकलं नाही. तुम्ही नेलंत तिथेच तो गेला.

या बोलीला रिव्हर्स म्हणतात आणि तिला किमान १६-१७ पॉइंट लागतात. तुमच्या पानांत चौकटीची नव्वी जाऊन एक्का असता आणि किलवरची राणी जाऊन एक्का असता, तर १९ पॉइंट झाले असते. तेव्हा हीच दोन बदामची बोली मी मनापासून लावली असती.

१३ पॉइंटांवर म्हणायचं एक नो-ट्रंप. भिडूला त्यातून कळतं की १२ ते १४ आहेत आणि इस्पिकची चार पानं नाहीत. आता बदाम हुकतील ही भीती. विचार करा: भिडूकडे चार इस्पिक आणि चार बदाम असते, तर तो आधी एक बदाम म्हणाला असता, कारण चार-चार असताना खालचा रंग आधी दाखवतात. पाच इस्पिक आणि चार बदाम असतील, तर तुमच्या एक नो-ट्रंपवर तो स्वतःच दोन बदाम म्हणेल. म्हणजे जुळणारे बदाम सहसा सापडतातच, आणि तेही दोनच्या पातळीवर.

प्रश्न (औंध): १० पॉइंटांवर ओपन करावं का? इस्पिक एक्का-राणी-१०-८-५, बदाम राजा-गुलाम-९-७-२, चौकट ६, किलवर ८-३.

उत्तर: करावं. पॉइंटांत दोन सर्वांत लांब रंगांची पानं मिळवा: १० अधिक ५ अधिक ५, बरोबर २०. वीस भरले की ओपन, हा आडाखा चांगला आहे, आणि तुमची चित्रं लांब रंगांतच आहेत हे त्याहून चांगलं. सुरुवात मात्र एक इस्पिकनं. पुढच्या फेरीला दोन बदाम म्हटलंत की भिडू तिथे पास देऊ शकतो किंवा दोन इस्पिकवर येऊ शकतो. आधी बदाम आणि मग दोन इस्पिक म्हटलंत, तर वरच्या पत्रातलाच रिव्हर्स झाला.

प्रश्न (वडगाव बुद्रुक): भिडूचं एक नो-ट्रंप. माझ्याकडे इस्पिक राजा-गुलाम-८-६-३, बदाम एक्का-९-५-२, चौकट ७-४, किलवर राणी-६. स्टेमन (भिडूला इस्पिक-बदामाची चार पानं विचारणं) की ट्रान्सफर (माझा लांब रंग त्याच्याकडून बोलवून घेणं)?

उत्तर: १० पॉइंट, गेम (बोनस देणारी बोली: इस्पिक-बदामात चार, नो-ट्रंपमध्ये तीन) नक्की. स्टेमन घ्या, म्हणजे दोन किलवर. भिडूनं दोन बदाम किंवा दोन इस्पिक दाखवले, तर त्याच रंगात थेट चार. दोन चौकट म्हणाला, तर त्याच्याकडे यांपैकी एकाही रंगाची चार पानं नाहीत. पण इस्पिकची तीन असू शकतात, म्हणून तुम्ही तीन इस्पिक म्हणून पाच पानं दाखवा. तीन असतील तर तो चार इस्पिक म्हणेल, नाहीतर तीन नो-ट्रंप. स्मोलन (लांब रंगाऐवजी चार पानांचा रंग बोलण्याचा संकेत) खेळत असाल तर इथे तीन बदाम म्हणायचं. त्यातून पाच इस्पिक-चार बदाम कळतात आणि इस्पिकचं काँट्रॅक्ट, म्हणजे ठरलेली बोली खेळणं, मोठ्या पानांच्या भिडूकडे जातं. उतारी त्याच्या राजा-राण्यांवर चालून येत नाही.

प्रश्न (सदाशिव पेठ): माझ्याकडे इस्पिक एक्का-राजा-राणी-८-७-४, बदाम राजा-राणी-गुलाम, चौकट ६-२, किलवर एक्का-५. माझ्या एक इस्पिकवर आमचे हे तीन इस्पिक म्हणाले. मी चार नो-ट्रंप विचारलं, त्यांनी पाच चौकट म्हणजे एक एक्का सांगितला. सहा इस्पिक लावले आणि पहिले दोन हात चौकटीत गेले. हे म्हणतात, ‘मी विचारल्याचंच उत्तर दिलं.’

उत्तर: ताई, त्यांचं खरं आहे. ब्लॅकवुड, म्हणजे ही चार नो-ट्रंपची विचारणा, एक्के किती ते सांगतं, कोणते ते नाही. तुम्हाला संख्या नको होती, चौकटीची काळजी होती. त्यांचा एक्का चौकटीचा असता तर स्लॅमची, म्हणजे बारा हातांची, वाट मोकळी होती. तो बदामाचा निघाला. एखाद्या रंगात दोन बारकी पानं असतील आणि त्याचा एक्का-राजा दोन्ही नसतील, तर चार नो-ट्रंप विचारूच नका.

तीन इस्पिकनंतर चार किलवर म्हणायचं. इस्पिक ठरलेलं असल्यामुळे याचा अर्थ: किलवरवर माझा ताबा आहे, तुमचा कुठे आहे ते सांगा. ते चार बदाम म्हणाले असते. चार चौकट ओलांडून गेले, म्हणजे चौकटीत एक्का नाही, राजा नाही, एकटं पानही नाही. मग तुम्ही शांतपणे चार इस्पिक म्हणायचं. चौकटीचे दोन सोडून बाकी अकरा हात तुमचेच होते. हे सगळं चारच्या पातळीच्या आत कळतं, म्हणून ही बोली मला ब्लॅकवुडपेक्षा फार मोलाची वाटते. आधी ताबा विचारा. कुठलाच रंग उघडा नाही हे कळल्यावर हवे तर एक्के मोजा.

प्रश्न (सहकारनगर): भिडूचं एक बदाम, मधे उजवीकडून एक इस्पिक. माझ्याकडे चारच पॉइंट, पण बदामाची चार पानं: इस्पिक ९-४, बदाम राजा-१०-७-३, चौकट गुलाम-८-६-५-३, किलवर ८-२. पास दिला. बरोबर?

उत्तर: नाही. तीन बदाम म्हणा, लगेच. भिडूची पाच आणि तुमची चार, मिळून नऊ हुकूम, तर नऊ हातांपर्यंत बोली लावायला हरकत नसते. प्रतिपक्षाचे तीन इस्पिक होत असतील तर त्यांना १४० मिळतात. तुम्ही नॉन-व्हल्नरेबल (कमी दंडाच्या स्थितीत) असताना दोन हात कमी पडलात, तरी प्रतिपक्षानं डबल (दंड वाढवणारी बोली) दिलं नसेल तर १००च जातात. शिवाय त्यांना आपसात बोलायला जागा उरत नाही. मात्र हीच चार पानं असून पॉइंट दहा किंवा जास्त असतील, तर उडी नको. दोन इस्पिक, म्हणजे त्यांचाच रंग, म्हणून भिडूला ताकद कळवा. या दोन बोलींचा अर्थ दोघांनी पुढच्या डावाआधी बसून ठरवून घ्या.