ठळक, उजळ की पट्टी?

प्रश्न असा आहे: 'मी एक कन्सोल प्रोग्रॅम लिहिलाय. पडद्यावर पाच पर्यायांचा मेनू येतो. बाणाच्या कळांनी वर-खाली गेलं की ज्या पर्यायावर आपण असू त्याचा रंग बदलतो. सूचनांमध्ये मी लिहिलं, "निवडलेला मेनू रंगाने ठळक होईल." वाचताना खटकतं, पण नेमकं काय ते कळत नाही. हायलाइटला मराठीत काय म्हणावं?'

खटकणाऱ्या जागा तीन आहेत. सोपी आधी: मेनू म्हणजे पाचही ओळींची अख्खी यादी. रंग बदलतो तो एका पर्यायाचा.

दुसरी जागा 'निवडलेला'. मराठीत निवड झाली म्हणजे विषय संपला. मतमोजणीत आघाडीवर असलेल्याला कोणी 'निवडून आलेला' म्हणत नाही. इथेही एंटर दाबेपर्यंत वापरणारा नुसता फिरतोय. तिसऱ्या पर्यायावर जरा रेंगाळेल आणि परत पहिल्यावर जाईल. म्हणून 'ज्या पर्यायावर आहात तो' असं लांबलचक का होईना, पण खरं लिहावं.

आता 'ठळक'. शब्द चांगला आहे, पण तो आधीच कामाला लागलेला आहे. टर्मिनलला, म्हणजे कन्सोल प्रोग्रॅम ज्या नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर चालतो त्याला, मजकुराचं रूप बदलायला सांगणाऱ्या प्रमाणित खुणांमध्ये १ म्हणजे ठळक, ४ म्हणजे अधोरेखित आणि ७ म्हणजे अक्षराचा रंग व पार्श्वभूमीचा रंग यांची अदलाबदल. १९७८ सालच्या व्हीटी-१०० टर्मिनलवर रंग नव्हतेच. तिथे एखादी ओळ उठून दिसायला हवी तर ही ७ नंबरची उलटापालट कामी यायची. तुमच्या मेनूत जे घडतंय ते याच जातीचं. त्याला 'ठळक' म्हटलं तर वाचणारा जाड अक्षर शोधत बसेल. 'अधोरेखित'चंही तेच. बातम्यांत मुद्दे खुशाल अधोरेखित होतात, पण पडद्यावर तो शब्द वाचला की नजर ओळीखालची रेघ शोधते.

पिवळ्या मार्करवरून एखादा शब्द पाडावा, असंही मनात आलं. पण पिवळा रंग मराठीत भलत्याच खात्यावर जमा आहे. पोथीतला चुकलेला मजकूर झाकायला हरताळ फासत, आणि ते द्रव्य पिवळं असतं. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथूनच आला. एके काळी 'हे वाचू नका' सांगणारा रंग आज 'हेच वाचा' म्हणून फासला जातो!

माझा स्वतःचा कल बरेच दिवस 'उजळणे'कडे होता. 'बाण दाबला की पुढचा पर्याय उजळतो' हे कानाला गोड लागतं, शिवाय त्याच्या जोडीला 'विझतो' आयतं मिळतं. घोटाळा होतो तो पांढऱ्या पार्श्वभूमीवर. तिथे रंगांची अदलाबदल केली की ओळ काळी पडते, आणि काळ्या पडलेल्या ओळीला उजळली म्हणणं धाडसाचं आहे.

म्हणून माझं मत 'पट्टी'ला. पट्टी काळी असो, निळी असो, डोळ्यांना दिसते ती पट्टीच. ती सरकते, थांबते, हलवता येते, म्हणजे क्रियापदंही घरचीच मिळतात. तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'बाणाच्या कळांनी रंगीत पट्टी वर-खाली सरकवा आणि हव्या त्या पर्यायावर एंटर दाबा.' यात हायलाइट नाही, ठळक नाही आणि निवडही शेवटीच होते. प्रोग्रॅमरांनी आपसात बोलताना मात्र 'हायलाइट कर' बिनधास्त म्हणावं, त्यात काही बिघडत नाही.

एक मात्र आहे, हा शब्द घेतलात तर कोडमध्येही थोडं काम वाढेल. पट्टी सरकते हा वापरणाऱ्याचा समज. प्रत्यक्षात तुम्ही जुनी ओळ ० नंबरच्या खुणेने साध्या रंगात पुन्हा छापता आणि नवी ओळ रंगात. जुनी राहून गेली तर पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील. शिवाय रंग फक्त छापलेल्या अक्षरांमागे भरतो. 'उघडा' वर पट्टी आखूड आणि 'नवीन नावाने साठवा' वर लांब, असं होऊ लागलं तर ती सरकण्याऐवजी फुगते-आकसते. सगळ्या पर्यायांच्या शेवटी रिकाम्या जागा छापून त्यांची रुंदी सारखी करून घ्या.