पंचवीसचे बावन्न का होतात?

दिवाळीची सुट्टी संपते, पहिल्या सत्राच्या नोंदी घरी येतात आणि माझ्याकडची पत्रं वाढतात. यावेळची सगळी पहिली ते तिसरीच्या पालकांची आहेत.

प्रश्न : मुलगी दुसरीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत. भाषेत ब-१ श्रेणी आणि शेरा 'वाचनाचा सराव आवश्यक'. शेजारच्या मुलाला अ-२ आहे. आमची मागे पडली का? (एक आई, सातारा)

ब-१ म्हणजे ७१ ते ८० टक्के. पण दुसरीत शंभरातले ७० गुण आकारिक मूल्यमापनाचे असतात : तोंडी काम, प्रकट वाचन, उपक्रम, स्वाध्याय वगैरे. सत्राअखेरच्या संकलित चाचणीचे फक्त ३०. एवढ्या सगळ्याची मिळून एक श्रेणी निघते, त्यामुळे वाचन नेमकं कितपत येतं ते तिच्यावरून कळत नाही. कविता ठसक्यात म्हणणारी, वही नेटकी ठेवणारी मुलगी ब-१ मध्ये असू शकते आणि मात्रा-वेलांटीला अडतही असू शकते. शेजारच्या अ-२ चं तर सोडूनच द्या.

बाईंना 'मागे आहे का?' असं विचारू नका, 'कुठे अडते?' असं विचारा. अक्षरं ओळखण्यात, काना-मात्रेत, जोडाक्षरात की वाक्य सलग वाचण्यात? चारही दुखणी वेगळी, औषधं वेगळी.

घरी एक खोडी करून बघा. मी वर्गात नेहमी करायचे. पाठातलं वाक्य 'आजी बाजारात गेली' असं असेल, तर कागदावर 'आजी बागेत गेली' असं लिहून द्या. मुलगी खडाखडा 'बाजारात' म्हणाली, तर ती वाचत नाहीये, पाठ म्हणतेय. थबकली, ब-ला काना बा असं पुटपुटली आणि 'बागेत' म्हणाली, तर हळू का होईना, वाचन सुरू झालंय. दुसरीत 'सूर्य'चं 'सुरय' किंवा 'प्रकाश'चं 'परकाश' झालं, तर घाबरू नका. आपला र कधी डोक्यावर बसतो, कधी पायात येतो. मुलांना त्याची ओळख व्हायला वेळ लागतोच.

प्रश्न : तिसरीत मिनिटाला ६० शब्द वाचता आले पाहिजेत असं वाचलं. मी मोबाइलवर वेळ लावून मोजतो, मुलगा ४० च्या आसपास जातो. (एक बाबा, पिंपरी)

आकडा खरा आहे. २०२१ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीसाठी किमान ६० शब्द असं लक्ष्य आहे, पण त्यातला 'अर्थ समजून' हा भाग घड्याळात दिसत नाही. शिवाय मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतात. 'घरासमोरच्या' हा मोजताना एकच शब्द, पण त्यात केवढं सामान भरलंय! वर्षही अजून अर्धं बाकी आहे. मोबाइल खिशात ठेवा. वाचून झाल्यावर 'मग त्या कोल्ह्याने असं का केलं?' एवढं विचारा. स्वतःच्या शब्दांत सांगत असेल, तर ४० चे ६० होतील. वेगाने वाचून काहीच सांगता येत नसेल, तर मात्र ती काळजीची गोष्ट.

प्रश्न : पहिलीतला मुलगा पंचवीस सांगितलं की ५२ लिहितो, त्रेचाळीसचे ३४. डोळ्यांचा दोष असेल का? (एक आई, कोल्हापूर)

दोष बहुतेक आपल्या भाषेचा आहे हो! पंचवीस म्हणताना आधी ऐकू येतो पाच, मग वीस. मूल ऐकलेल्या क्रमाने लिहितं, म्हणजे इमानदारीने चुकतं. त्यात २९ ला आपण 'एकोणतीस' म्हणतो, म्हणजे तिसाला एक कमी. लिहायचे दोन आणि नऊ, ऐकू येतो तीस! एकोणनव्वदपर्यंत हे असंच चालतं आणि ९९ ला अचानक 'नव्व्याण्णव'. कानडीत वीस आधी, एक नंतर, त्यामुळे सीमेपलीकडच्या मुलांची ही अडचण वाचते.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. मंगला नारळीकर तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. जुनी नावं काढलेली नव्हती, नवी सोबत दिली होती. पण टिंगल करणाऱ्यांना एवढं वाचायला सवड कुठली. मला विचाराल तर पायरी म्हणून ती पद्धत उत्तम.

तुम्ही असं करा. झाडूच्या हिरांचे तुकडे घ्या, दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधा. 'पंचवीस दे' म्हणा. दोन जुड्या आणि पाच सुटे त्याने हातात धरले की मग 'जुड्या किती? आधी त्या लिही' असं सांगा. दोन-तीन आठवडे रोज पाच मिनिटं पुरतात.

प्रश्न : दुसरीतली मुलगी ४२ − १७ = ३५ करते. रोज वीस गणितं घालतो, तरी तेच. (एक बाबा, नाशिक)

वीसही गणितं ती एकाच चुकीच्या पद्धतीने सोडवतेय, म्हणजे सराव चुकीचा होतोय! दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन काढते. 'हातचा घे' असं ओरडून उपयोग नाही. तिला दहाच्या चार नोटा आणि एकेक रुपयाची दोन नाणी द्या आणि सतरा रुपयांचा बिस्किटपुडा विका. सुटे सात नाहीत म्हटल्यावर ती स्वतःच नोट मोडायला येईल. हातचा तो हाच. मग तेच कागदावर, दिवसाला तीनच गणितं.

प्रश्न : तिसरीतला मुलगा अजून म-भ, घ-ध यांत गोंधळतो, वाचायला बसवलं की पोट दुखतं म्हणतो. अध्ययन अक्षमता असेल का? (एक आई, ठाणे)

पहिलीत हा गोंधळ सगळ्यांचाच असतो. तिसरीत, नीट शिकवूनही टिकला आणि वर पोटदुखी आली, तर थांबू नका. आधी डोळे आणि कान तपासा. वर्गात मागच्या बाकावर बसणारी, फळा न दिसणारी मुलं मी कितीतरी पाहिली. ते ठीक निघालं, तर मुंबईत शीव, केईएम आणि नायर या पालिका रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेच्या तपासणीची सोय आहे. तिचं प्रमाणपत्र मूल साधारण आठ वर्षांचं झाल्यावर मिळतं, मदत मात्र आजपासून करता येते. आणि पोटदुखीला 'नाटक' म्हणू नका.

प्रश्न : आजोबा दुसरीतल्या नातवाकडून तीसपर्यंत पाढे पाठ करून घेतात. योग्य का? (एक आई, पुणे)

दहापर्यंत पुरे. आजोबांनी एकदा 'बे चोक आठ' हे शेंगदाणे मांडून दाखवायला सांगावं. नातवाला जमलं, तर पुढे खुशाल पावकी-निमकीही, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढेही, शिकवू द्या, त्यांची हौस आहे.