मनातलं विचारा : नाताळच्या जेवणाला तेच येणार आहेत

प्रश्न : ताई, सलाम. मी ६१ वर्षांची, सोलापूरची, निवृत्त शिक्षिका. यजमान जिल्हा परिषदेत होते, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा, सून, नातू पुण्याला. १९८४ साली मी डी.एड. करत होते, तेव्हा आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये पेटी वाजवणाऱ्या मुलाशी माझं जुळलं होतं. तो गिरणीत बदली कामगार. वडील म्हणाले, "आज काम, उद्या फाटकावरून परत. अशाला पोरगी देणार नाही." तो रेल्वेत लागून दौंडला गेला, माझं लग्न झालं, संसार चांगला झाला. पुन्हा कधी गाठ पडली नाही. आता माझ्या भाच्याचं लग्न ठरलंय आणि मुलगी निघाली त्या पेटीवाल्यांचीच पुतणी! भावाने मुलीकडच्या सगळ्यांना नाताळच्या जेवणाला बोलावलंय. तेही येणार आहेत. त्यांची पत्नी वारली असं कळलं. भाऊ तेव्हा लहान होता, त्याला यातलं काही माहीत नाही. नाव ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही, करंज्यांचं सारण करपलं. या वयात असं व्हावं याची लाज वाटते. काही कारण काढून जाऊच नये का? मुलाला सांगू का? आणि उद्या काही पुढे गेलंच तर घराचं काय? घर माझ्या नावावर आहे, मृत्युपत्र मुलाच्या नावे केलंय.

उत्तर : सलाम. जेवणाला जा. आता ते तुमचे सोयरे होणार. साखरपुडा आहे, हळद आहे, लग्न आहे, पुढे बारसं आहे. दर वेळी डोकं दुखायला लागलं तर सगळ्यात आधी तुमच्या वहिनीच्या लक्षात येईल.

लाज कशाची? तेव्हा तुम्ही वडिलांचं ऐकलंत, संसार मनापासून केलात, यजमानांचं शेवटपर्यंत पाहिलंत. त्यातलं काहीही आज कमी होत नाही. दोघांना एका तागडीत घालू नका, एवढं मात्र कटाक्षाने पाळा. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते 'उद्या काही पुढे गेलंच तर' हे वाक्य. ते तुम्ही लिहू शकलात याचा मला फार आनंद झाला. पण एक ध्यानात घ्या. तुम्ही ओळखता तो पेटीवरचा मुलगा. दौंडला चार दशकं संसार करून, बायकोला माती देऊन येणारे हे गृहस्थ तुम्हाला अजून भेटायचेत. त्यांना भेटा, मग मनाला विचारा.

मुलाला मात्र आधी सांगा, आणि तुमच्याच तोंडून. माझ्या आत्याच्या मुलांना अशीच एक गोष्ट चर्चच्या मंडळीतल्या तिसऱ्याच माणसाकडून कळली होती. आईच्या आयुष्यात कोणी आहे याचं त्यांना फारसं वाटलं नाही; आपल्यालाच शेवटी कळलं, हे मात्र त्यांना लागलं आणि कित्येक महिने घरात धड बोलणं नव्हतं. फोनवर सांगू नका. पुण्याहून संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने आला तर घरी पोचायला रात्रीचे दहा वाजून जातात, तेव्हाही नको. २४ तारखेला नानकटाई भाजायला भट्टीवर जालच, तेव्हा त्यालाच सोबत न्या. मी सोलापूरचीच, नाताळच्या आदल्या दिवशीची ती रांग मला चांगली माहीत आहे. पिठाचे डबे नंबराने लावलेले असतात, पत्र्यांवर नावाच्या चिठ्ठ्या, आणि भट्टीवाला एकीचा पत्रा दुसरीला देऊन वर तिचीच समजूत घालत असतो. आपला नंबर लागेपर्यंत निवांत वेळ मिळतो, घरातलं कोणी मध्ये येत नाही आणि हात मोकळे असतात. तिथे सरळ सांगा : "उद्या मामाकडे जे येणार आहेत, त्यांच्याशी माझं लग्न व्हावं असं मला एकेकाळी वाटत होतं. आजोबांनी नको म्हटलं. मग तुझे पप्पा आयुष्यात आले. तुला बाहेरून कळू नये म्हणून सांगतेय." एवढंच. पुढचे बेत सांगू नका, कारण ते अजून नाहीतच. तो गप्प बसला तर बसू द्या.

पहिली भेट जेवणाच्या टेबलावर होऊ देऊ नका. २५ तारखेच्या सकाळच्या उपासनेला तेही येतील. उपासना सुटली की चर्चच्या अंगणात सगळेच एकमेकांना सलाम करत असतात, त्या गर्दीत तुमचा सलाम कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही. 'तुम्ही'च म्हणा. जुन्या सवयीने चारचौघांत 'तू' निघून गेलं तर सगळ्यांचे हात ताटातच थांबतील. आणि दुपारी वाढण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात लपून बसू नका, पंगतीला बसा.

निवांत बोलावंसं वाटलंच, दोघांनाही, तर २६-२७ला सिद्धेश्वर तळ्याच्या काठाने सकाळचं चाला. संक्रांतीला गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वरच्या यात्रेची, गर्दी सुरू झाली की तिथे दोन शब्द बोलायची सोय नाही. भाच्याचं लग्न होईपर्यंत मात्र घरात कसलीही बातमी फुटू देऊ नका. ते दिवस त्या दोन मुलांचे आहेत.

आता घराचं. हे नीट वाचा, कारण आपल्यातल्या पुष्कळांना ते माहीत नसतं. भारतीय वारसा कायदा, १९२५, कलम ६९ : ख्रिस्ती माणसाने लग्न केलं की त्याआधी केलेलं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. म्हणजे तुम्ही लग्न केलंत तर मुलाच्या नावचा तो कागद उरणारच नाही. नवं मृत्युपत्र न करता तुमचं काही बरंवाईट झालं, तर एक तृतीयांश वाटा नवऱ्याला आणि दोन तृतीयांश मुलाला. मुलाच्या मनात घराविषयी धास्ती राहू नये असं वाटत असेल तर लग्नानंतर लगेच नवं मृत्युपत्र करा. जुनंच पुढे चालेल या भरवशावर राहू नका.

दोघंही जोडीदार गमावलेले, त्यामुळे १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने अडचण नाही. पाळकसाहेबांकडे रीतसर सूचना द्यावी लागेल. तुमच्या नोकरीचं पेन्शन लग्नाने थांबत नाही. यजमानांच्या मागे मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन पुनर्विवाहानंतर चालू राहतं का, हे मात्र जिल्हा परिषदेत आधी विचारून घ्या, आणि मगच घरखर्चाचा हिशेब मांडा. वकिलाकडे जायची वेळ आलीच तर जुन्या मृत्युपत्राची प्रत बरोबर ठेवा आणि मुलालाही सोबत न्या.