क्युकंबर-सेलेनियम आणल्यावर टेस्टर कमी लागतात का?

तुमच्या कंपनीत ॲक्सेप्टन्स टेस्ट (सॉफ्टवेअर ग्राहकाला हवे तसे चालते का, याची तपासणी) ऑटोमेट करण्यासाठी क्युकंबर (साध्या वाक्यांत लिहिलेल्या टेस्ट चालवणारे साधन) आणि सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवणारे साधन) आणण्याचे घाटते आहे, त्याचे फायदे-तोटे काय आणि त्यामुळे चार टेस्टरांचे काम दोघांत भागेल का, असे तुम्ही विचारले आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देते: भागणार नाही. हेच मी पूर्वी एका बैठकीत सांगितले होते आणि तेव्हा ते कोणी ऐकून घेतले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवत होतो. मुदत ठेवीचे मॉड्यूल नव्याने लिहायला घेतले, तेव्हा आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरांनी क्युकंबर निवडले. त्याच्या टेस्ट ज्या गर्किन भाषेत लिहितात तिच्यात मराठी कीवर्ड आहेत, ‘जेव्हा’, ‘मग’, ‘आणि’ असे लिहिता येते, त्यामुळे पतसंस्थेतील मंडळी त्या फाइल स्वतः वाचतील, चुका दाखवतील आणि यूएटीचा, म्हणजे ग्राहकाने स्वतः करायच्या शेवटच्या तपासणीचा, वेळ वाचेल, असे त्यांचे म्हणणे होते. सहा महिन्यांत २१४ सिनॅरिओ (एकेका प्रसंगाची टेस्ट) तयार झाले आणि रोज रात्री ते सगळे पास होऊ लागले. पतसंस्थेतील एकाही माणसाने त्यातली एकही फाइल उघडली नाही. त्यांना मी दोष देत नाही, कारण दिवसभर काउंटर सांभाळून संध्याकाळी कीर्द जुळवणाऱ्या माणसाला आमच्या फाइल वाचायला सवड कुठून मिळणार?

यूएटीच्या दुसऱ्या दिवशी तिथल्या लेखापाल बाईंनी एक जुनी पावती काढली. एक लाख रुपयांची, वर्षभराची, ९ टक्के दराची ठेव ९१व्या दिवशी मोडलेली होती. आमच्या सॉफ्टवेअरने ९ मधून १ टक्का दंड वजा करून ८ टक्क्यांनी १,९९४ रुपये ५२ पैसे व्याज दाखवले. बाई म्हणाल्या, “अहो, मोडलेल्या ठेवीला करारातला दर कसा लावता? पैसे जितके दिवस राहिले तितक्या दिवसांचा दर धरायचा आणि त्यातून एक टक्का कापायचा.” ९१ दिवसांचा त्यांचा दर ७ टक्के होता, म्हणजे व्याज ६ टक्क्यांनी १,४९५ रुपये ८९ पैसे. एका पावतीमागे ४९८ रुपये ६३ पैसे जास्त जात होते आणि नेमक्या याच नियमाचे आमचे पाच सिनॅरिओ पास होते. कारण उघड होते: ज्या डेव्हलपरने कोड लिहिला, त्यालाच नियम विचारून ऑटोमेशनवाल्याने टेस्ट लिहिली होती. दोन्हींत एकच गैरसमज उतरल्यावर त्या एकमेकींशी जुळणारच.

त्यानंतर मी दोन दुपारी बाईंच्या शेजारी बसले. कागदावर रकाने आखले: रक्कम, मुदत, मोडल्याची तारीख, दर, व्याज. त्यांनी कॅल्क्युलेटरवर ३१ ओळी भरल्या, आणि भरता भरता तीन नियम असे निघाले की जे आम्हाला दिलेल्या कागदपत्रांत कुठेच नव्हते. ठेवीदार मृत झाला असेल तर दंड कापत नाहीत, हा त्यातला एक. हे आकडे टेस्टमध्ये घातल्यापासून त्या टेस्टवर माझा विश्वास बसला. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २००२मध्ये केलेल्या फिट या टेस्टिंगच्या साधनाची मूळ कल्पना हीच होती: जाणकाराने तक्ता भरायचा आणि बरोबर आलेला चौकोन हिरवा, चुकलेला लाल व्हायचा. फिटच्या कामात पुढे असलेल्या जेम्स शोअर यांनीच २०१०मध्ये लिहिले की ग्राहक ही उदाहरणे स्वतः लिहीत नाहीत, टेस्ट संथ आणि ठिसूळ होतात, म्हणून आपण हे साधन वापरणे सोडले. आमच्या मॅनेजरांच्या मते मात्र ग्राहक वाचत नाही हा ग्राहकाचा दोष होता, आणि ते मला आजही पटलेले नाही.

फायदा खरा आहे. पुढे पैशांऐवजी पूर्ण रुपयात व्याज धरण्याचा नियम आला, तेव्हा त्याप्रमाणे आकडे बदलल्यावर कोडमधल्या चुकीमुळे त्या ३१ पैकी ४ ओळी जेवणाच्या सुट्टीआधीच फेल गेल्या. हाताने तपासले असते तर ती चूक मार्चअखेरीस ठेवीदारासमोर उघडी पडली असती. तोटाही तितकाच खरा आहे. ब्राउझरमधून चालणाऱ्या आमच्या ६३ टेस्ट एका बटनाचा आयडी बदलल्यामुळे एकाच रात्रीत पडल्या आणि दोघांचे दोन दिवस त्यात गेले. त्याहून वाईट म्हणजे, अधूनमधून विनाकारण पडणाऱ्या टेस्टमुळे “पुन्हा चालवून बघ” ही सवय लागते आणि एक दिवस खरी चूकही तशीच सोडली जाते. म्हणून हिशेबाचे नियम स्क्रीनला वळसा घालून थेट सर्व्हिसवर (स्क्रीनमागे हिशेब करणाऱ्या भागावर) तपासा आणि ब्राउझरमधून वापरणाऱ्याचे सुरुवातीपासून शेवटपर्यंतचे मोजके प्रवासच चालवा. नव्याने सुरुवात असेल तर सेलेनियमऐवजी प्लेराइट हे ब्राउझर चालवणारे साधन पाहा. स्क्रीनवरचा घटक (बटन, रकाना) तयार होईपर्यंत ते आपणहून थांबते, सेलेनियममध्ये ती सोय स्वतः करावी लागते.

माझा अनुभव हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा आहे, हे लक्षात घ्या. तुमच्याकडे नुसते फॉर्म आणि याद्या असतील तर एवढा खटाटोप कदाचित नको. आमच्याकडे साधन आल्यावर दोन टेस्टर कमी केले गेले आणि त्यातले एक गृहस्थ पूर्वी पतसंस्थेतच नोकरीला होते. मुदतपूर्व व्याजाचा तो नियम त्यांना तोंडपाठ होता. तुमच्या बैठकीत टेस्टरांच्या संख्येचा विषय निघेल, तेव्हा प्रत्येक टेस्टमधला अपेक्षित आकडा कोण सांगणार आहे, त्याचे नाव आधी लिहून घ्या.