काचेचं घर आणि आतला अंधार

प्रश्न : लेकीकडे नॉटिंगहॅमला गेलो होतो तेव्हा आम्ही दोघं डर्बीशायरमधला हार्डविक हॉल हा जुना वाडा पाहून आलो. बाहेरून काचाच काचा. ‘हार्डविक हॉल, भिंतीपेक्षा काच फार’ अशा अर्थाची म्हणच आहे तिकडे. पण वरच्या लांबलचक दालनात शिरलो तर पडदे ओढलेले आणि दिवेलागणीसारखा उजेड! मग एवढ्या खिडक्या केल्या कशाला? यांचं म्हणणं, खिडक्यांवर कर होता, तो भरायची ऐपत दाखवायला. आणि स्कॉटलंडची मेरी राणी इथेच कैदेत होती ना?
– एक वाचक

उत्तर : ताई, आधी कराचं सांगते. इंग्लंडमध्ये खिडक्यांवर कर बसला १६९६ साली. हार्डविक बांधायला घेतलं १५९० मध्ये आणि मालकीण बेस (एलिझाबेथचं लाडकं रूप) राहायला आली १५९७ मध्ये, म्हणजे कराच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी. मेरी राणीचंही तसंच. बेसचा चौथा नवरा, श्रूजबरीचा अर्ल, याच्या पहाऱ्यात मेरी पंधरा वर्षं होती हे खरं, पण १५८७ मध्ये तिचा शिरच्छेद झाला तेव्हा या घराचा पायाही खणलेला नव्हता.

तरी ऐपतीचा मुद्दा तुमच्या यांनी बरोबर पकडला. त्या काळी काच महागच. छोट्या छोट्या तुकड्यांना शिशाच्या पट्ट्यांनी जोडून एकेक खिडकी भरायची. बेस ही डर्बीशायरच्या बेताच्या जमीनदाराची मुलगी. चार लग्नं झाली, चारही नवरे गेले आणि ती इंग्लंडमधल्या सगळ्यांत श्रीमंत बायकांपैकी एक झाली. घर बांधायला घेतलं तेव्हा तिची साठी उलटली होती. सहाही बुरुजांच्या माथ्यावर तिची आद्याक्षरं दगडात कोरलेली आहेत, ‘ई’ आणि ‘एस’, म्हणजे एलिझाबेथ श्रूजबरी. नवऱ्याचं नाही, स्वतःचं नाव, आभाळाला लावून! मला हे घर फार आवडतं त्याचं अर्धं कारण ती दोन अक्षरं आहेत.

तीस वर्षं वास्तुकलेच्या मुलांना इमारतींचा इतिहास शिकवला, पण हार्डविकचा जिना चढले तेव्हाच मला घर कळलं. दगडी जिना, रुंद, वळत वळत घरभर फिरत वर जाणारा. चढता चढता छत उंच होत जातं आणि खिडक्याही. सगळ्यांत खाली नोकरचाकर, मधल्या मजल्यावर बेसचं रोजचं राहणं आणि सगळ्यांत वर दरबारी दालनं. पाहुण्याला मुद्दाम एवढं चढायला लावायचं आणि वर नेऊन एकदम उजेडात उभं करायचं! तिथल्या मोठ्या दालनात भिंतींच्या वरच्या भागात रंगीत गिलाव्याचं अख्खं अरण्य उठवलंय, मधोमध शिकारीची देवता डायना. हा मान पहिल्या एलिझाबेथ राणीचा. राणी तिथे कधीच आली नाही.

भिंतींत एवढी भोकं पाडून घर उभं कसं राहिलं, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. धुरांड्यांची जागा सहसा बाहेरच्या भिंतीत असते. इथे ती आतल्या जाड, कण्यासारख्या भिंतींत घातली, त्यामुळे बाहेरची भिंत काचेला मोकळी झाली. आणि बाहेरून रांग बिघडू नये म्हणून काही खिडक्यांच्या मागे चक्क भिंतच आहे.

आता अंधार. तो तुम्ही शिरलात त्या लांबलचक दालनातल्या चित्रविणीच्या पडद्यांसाठी, म्हणजे भिंतीवर टांगलेल्या, चित्रं विणलेल्या टॅपेस्ट्रींसाठी आहे. बायबलमधल्या गिडियनची गोष्ट सांगणारे हे १३ पडदे. उंची जवळजवळ सहा मीटर, सगळे मिळून लांबी सत्तर मीटरच्या वर. उजेड लोकर आणि रेशीम या दोन्हींचा रंग खातो आणि धागाही ठिसूळ करतो. चारशे वर्षांच्या उन्हाने आणि काजळीने त्यांची जी दशा झाली होती ती निस्तरायला, एकेक पडदा उतरवून, धुऊन, टाके घालून परत लावायला चोवीस वर्षं लागली. काम २०२३ मध्ये संपलं. त्यानंतर पुन्हा लख्ख ऊन आत घ्यायचं कोणत्या जिवावर? बेसने खिडक्या केल्या उजेडासाठी आणि पडदे घेतले मिरवायला. दोन्ही एका खोलीत नांदणं कठीणच होतं.

पुन्हा गेलात तर पडद्यांचे काठ जवळून बघा, डोळे सरावेपर्यंत थांबून. हे पडदे मुळात राणीच्या दरबारातले सर क्रिस्टोफर हॅटन यांचे. ते वारल्यावर त्यांच्या वारसाकडून बेसने १५९२ मध्ये ३२६ पौंडांना घेतले. वर, हॅटनचं कुलचिन्ह बदलावं लागणार म्हणून पाच पौंड सूटही मिळवली! मग त्या चिन्हांवर आपलं चिन्ह रंगवलेले कापडाचे तुकडे शिवून टाकले. हॅटनच्या चिन्हात हरिणी होती, तिला शिंगं जोडली की बेसच्या दुसऱ्या नवऱ्याच्या, कॅव्हेंडिश घराण्याचा शिंगवाला हरीण तयार.

लेक नॉटिंगहॅमलाच आहे तर वॉलटन हॉलही चुकवू नका. हार्डविकचा आराखडा ज्याचा मानतात त्या रॉबर्ट स्मिथसनने तो आधी बांधला. मूळचा तो पाथरवट. १६१४ साली वारला. वॉलटनच्या चर्चमध्ये त्याच्या स्मृतिशिलेवर त्याला ‘आर्किटेक्टर’, म्हणजे वास्तुविशारद, म्हटलंय. इंग्लंडमध्ये पाथरवटाला तेव्हा असं क्वचितच कुणी म्हणे.